पन्हळीत तुंबलेलं पाणी: छताच्या जोडातून गळणाऱ्या एका गाडीचं प्रकरण

गाडी पाच आसनी हॅचबॅक, नऊ वर्षं जुनी, सनरूफ नसलेली. मुक्काम रत्नागिरीत भाट्याच्या बाजूला, खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर. घरापुढे जांभ्याची उतरण आहे आणि तिच्यावर, तोंड खाली करून, गाडी बारा महिने उघड्यावर उभी असते. एप्रिल-मेमध्ये छतावरच्या कॅरिअरवर हापूसच्या पेट्या चढतात आणि आंबा घाटातून कोल्हापूरच्या खेपा होतात.

तक्रार तीन पावसाळे जुनी होती. ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा भिजायचा, काचांवर आतून वाफ धरायची, कुबट वास यायचा. तिसऱ्या पावसाळ्यात उजवी पुढची खिडकी मध्येच वर-खाली होईनाशी झाली. डॅशबोर्डाखालचा फ्यूज बॉक्स उघडल्यावर दोन पिनांवर हिरवट थर दिसला, म्हणजे तांब्याला पाणी लागलं होतं. इथपर्यंत सगळे म्हणत होते, "पावसाळ्यात एवढं व्हायचंच." खिडकी बंद पडल्यावर मात्र गाडी नीट उघडून बघायचं ठरलं.

मालकाच्या बोलण्यातल्या तीन गोष्टी पुढे कामाला आल्या. पाणी घरी उभ्या गाडीतच जास्त येतं, बाजारात सपाट जागी चार तास पावसात ठेवली तर जेमतेम. पाणी उजव्या बाजूलाच येतं. आणि पुसलेलं फडकं पिळलं की पाणी तांबूस निघतं. एसीचं पाणी असतं तर ते स्वच्छ असतं आणि ऐन मे महिन्यातही आलं असतं. शिवाय उजव्या स्टिअरिंगच्या बऱ्याच गाड्यांत एसीचं कॉइल डाव्या बाजूला बसलेलं असतं. म्हणजे हे बाहेरचं पाणी, माती घेऊन आलेलं.

आधी झालेले उपाय

पहिल्या पावसाळ्यात पुढची काच काढून पुन्हा चिकटवली. फरक शून्य. दुसऱ्या पावसाळ्यात एसीची निचऱ्याची नळी साफ झाली, तीही कारण नसताना. त्याच वर्षी कोणीतरी छताच्या उजव्या पट्टीच्या पुढच्या टोकाला आणि कॅरिअरच्या उजव्या पुढच्या पायाभोवती पारदर्शक सिलिकॉन भरलं. त्यानंतर आठ-दहा दिवस गालिचा कोरडा राहिला, मग पाणी पहिल्यापेक्षा जास्त येऊ लागलं. या प्रकरणाचं मूळ या तिसऱ्या उपायात आहे. पण तो का फसला हे कळायला छताचा जोड आतून कसा असतो ते बघावं लागेल.

जोड कसा असतो

छताचा वरचा पत्रा फार पातळ असतो, साधारण 0.7 मिमी. तो गाडीच्या बाजूच्या पत्र्याला जिथे मिळतो तिथे कारखान्यात एक लांबट खोलगी मुद्दाम ठेवलेली असते. गॅरेजमध्ये तिला गटर म्हणतात. कौलारू घराच्या दोन उतरणींच्या मध्ये पन्हळ असते तशीच ही. या गाडीत ती दर बाजूला सुमारे 1.7 मीटर लांब, 18 मिमी रुंद आणि 12 मिमी खोल होती. पन्हळीची बाहेरची भिंत आणि तळ बाजूच्या पत्र्याचा. आतली भिंत छताच्या पत्र्याची, आणि त्याची दुमडलेली कड तळावर येऊन बसते. या दोन्हींच्या खाली आतल्या आडाचा, म्हणजे छताच्या कडेने जाणाऱ्या पोकळ तुळईचा, तिसरा पत्रा. तिन्ही पत्रे एकत्र दाबून स्पॉट वेल्डिंग करतात: तांब्याच्या दोन टोकांमधून आठ-नऊ हजार अँपिअरच्या आसपासचा प्रवाह, सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याइतका किंवा त्याहून कमी वेळ. आत चार-पाच मिमी व्यासाचा वितळलेला मणी तयार होतो. असे स्पॉट साधारण 50 मिमी अंतरावर धरले तर एका बाजूला तेहतीस-चौतीस.

दोन स्पॉटांच्या मधली जागा वेल्ड केलेली नसते. तिथे पत्र्यावर पत्रा नुसता टेकलेला असतो. गाडीची चौकट पुढे रसायनात आणि मग विजेच्या प्रवाहाने पत्र्यावर बसणाऱ्या रंगाच्या हौदात बुडवतात. तो रंग, जाडी जेमतेम 20 मायक्रॉन, उघड्या पृष्ठभागावर उत्तम बसतो, पण टेकलेल्या पत्र्यांच्या फटीत पूर्ण शिरत नाही. फटीतला पत्रा जवळपास उघडाच राहतो. म्हणून त्यानंतर छताच्या कडेवरून, पायरीसारखी जी धार असते तिच्यावर, पीव्हीसीच्या सीलंटची धार ओढतात आणि ती 140 अंशांच्या आसपासच्या भट्टीत भाजून पक्की करतात. त्यावर रंग, आणि सगळ्यात शेवटी, जोडणीच्या वेळी, काळी पट्टी.

ही काळी पट्टी पाणी अडवते असा सार्वत्रिक समज आहे. ती पाणी अडवत नाही. ती पन्हळ झाकते, वाऱ्याचा आवाज कमी करते आणि पानं थोडीफार बाहेर ठेवते. पाऊस तिच्या दोन्ही कडांनी आत जातोच, आणि तिच्याखालून पुढे काचेकडे किंवा मागे डिकीच्या खाचेकडे वाहून जातो. कारखान्याने ती वाट मोकळी ठेवलेली असते. पाणी अडवण्याचं काम पट्टीखालच्या, रंगाखालच्या त्या सीलंटचं.

छताच्या मधोमध आतून ज्या आडव्या पट्ट्या असतात त्या वरच्या पत्र्याला वेल्ड केलेल्या नसतात, मऊ रबरी डिंकाचे ठिपके देऊन टेकवलेल्या असतात, कारण इतक्या पातळ पत्र्यावर मधोमध स्पॉट मारला तर वरून खड्डा दिसेल. हे ठिपके वाळून सुटले की छत पावसात डब्यासारखं वाजतं. त्याचा गळतीशी संबंध नाही, पण दोन्ही तक्रारी घेऊन लोक एकदमच येतात. काही नव्या गाड्यांत पन्हळच नसते. तिथे छत आणि बाजू यांचा जोड लेझरने तांब्याच्या मिश्रधातूची तार वितळवून केलेला असतो आणि तो रंगाखाली जवळजवळ दिसत नाही. त्यांची दुरुस्ती वेगळी, तिला इथली पद्धत लागू नाही.

पाणी शोधणं

आतून उजव्या पुढच्या, काचेलगतच्या खांबाचं प्लास्टिक काढलं, दारावरचं रबर छताच्या बाजूने सोडवलं आणि रूफ लायनिंगची, म्हणजे छताच्या आतल्या अस्तराची, उजवी कड बोटभर खाली घेतली. लायनिंग मधोमध वाकवायचं नाही, एकदा मोडलं की त्यावरची घडी जात नाही. या गाडीत छताच्या कडेला पडदा एअरबॅग नव्हती. असेल तर आधी बॅटरीची ऋण तार सोडून, गाडीच्या पुस्तकात दिलेला वेळ थांबूनच खांबाला हात लावावा.

गॅरेजमध्ये नेहमी होते ती चूक म्हणजे धुलाईच्या प्रेशर गनने छतावर मारा करणं. त्या दाबाने चांगल्या रबरातूनही पाणी आत जातं आणि भलतीच जागा दोषी ठरते. साधी नळी, पुढे नोझल नाही, पाणी नळीच्या तोंडातून वेताने वर उसळेल इतकंच. सुरुवात खालून. आधी वायपरखालची जाळी पाच मिनिटं, मग काचेचा उजवा खालचा कोपरा, काचेची उजवी कड, वरचा कोपरा. प्रत्येक जागी पाच मिनिटं आणि आत एक माणूस टॉर्च घेऊन. वरून सुरुवात केली तर पाणी खाली येताना सगळ्या जागा भिजवतं आणि काहीच कळत नाही.

इथपर्यंत आत सगळं कोरडं होतं. काच पुन्हा चिकटवण्याचा पहिल्या वर्षीचा खर्च वाया गेला होता हे इथे ठरलं.

मग गाडी घरच्यासारखीच, पुढची चाकं उताराला करून उभी केली आणि पन्हळीच्या मागच्या टोकाला नळी धरली. दोन मिनिटांत कॅरिअरच्या उजव्या पुढच्या पायामागे पट्टीच्या कडेने पाणी वर येऊन छतावर पसरू लागलं. पुढे काचेकडे मात्र थेंबही येत नव्हता. आणखी मिनिटभराने आत, छताच्या आडावरून जाणाऱ्या वायरिंगच्या काळ्या टेपवर एक थेंब दिसला. तो टेपवरून घसरत खांबापर्यंत गेला, खांबातून उतरणाऱ्या वायरवर चढला आणि खाली फ्यूज बॉक्सच्या दिशेने गेला. गालिचा जिथे भिजत होता त्या जागेपासून पाणी आत येण्याची जागा सव्वा मीटरहून दूर होती.

खात्रीसाठी उलटी चाचणी केली. पन्हळीत पायाच्या मागे साबणाचं पाणी ओतलं आणि आतून आडाच्या छिद्रात कॉम्प्रेसरची हवा अगदी कमी दाबाने सोडली. पायाच्या आतल्या बाजूला, साधारण तीन बोटं लांबीत, बारीक फेस आला.

पट्टी निघाल्यावर

कॅरिअर उतरवलं. पट्टी लाकडी किंवा प्लास्टिकच्या पाचरीने मागून पुढे काढावी, स्क्रू ड्रायव्हरने काढली तर रंग निघतो आणि पुढच्या वर्षीच्या गंजाची सोय होते. सहापैकी दोन क्लिपा तुटल्या, तेवढ्या तुटतातच, नव्या आधीच आणून ठेवाव्यात.

पट्टीखाली दिसलं ते असं. मागचा मीटरभर पन्हळ तशी ठीक होती. पायाच्या मागे सुमारे 200 मिमी लांबीत काळपट-तांबडा गाळ, त्यात सुरूच्या सुया, आंब्याचा वाळलेला मोहोर आणि जांभ्याची धूळ, सगळं मिळून ओल्या शेणाइतकं घट्ट. गाळाच्या पुढच्या टोकाला सिलिकॉनचा पारदर्शक बांध, पन्हळीच्या काठापर्यंत भरलेला. बांधाच्या आत कॅरिअरच्या पायाचा लोखंडी आकडा. त्याच्यावरचं रबर झिजून गेलं होतं आणि उघड्या लोखंडाची धार सरळ कारखान्याच्या सीलंटवर टेकली होती. तिथे सीलंट 35 मिमी लांब कापलं गेलं होतं, ब्लेडने कापावं तसं. कापल्या जागी नख घातलं तर सीलंट पापुद्र्यासारखं उचललं गेलं आणि खालून तांबडं पाणी आलं.

सीलंट कापलं जाण्याचं कारण सोपं आहे. पाच डझनी लाकडी पेटी वीस किलोच्या आसपास भरते. सहा पेट्या म्हणजे 120 किलो, वर कॅरिअरचं स्वतःचं 18. या आकाराच्या गाड्यांच्या छताची मर्यादा, कॅरिअरचं वजन धरून, बहुधा 50 किलोच्या आसपास असते, आणि या गाडीच्या पुस्तकातही तेवढीच लिहिली होती. म्हणजे पावणेतीनपट ओझं, त्यात आंबा घाटाची वळणं. प्रत्येक वळणावर ओझं एका बाजूच्या पायांवर येतं आणि आकडा पन्हळीत केसभर सरकतो. पाच हंगामांत तो किती वेळा सरकला असेल याचा हिशोब करण्याची गरज नाही.

पण नुसतं कापलेलं सीलंट एवढं गळत नाही. पाणी वाहून जात असेल तर फटीत शिरतं ते थोडं, आणि उन्हात वाळतं. सिलिकॉनच्या बांधाने पन्हळीचा पुढचा निचरा बंद केला. गाडी उतारावर, तोंड खाली, त्यामुळे पन्हळीत पडलेलं सगळं पाणी पुढे येऊन बांधाशी थांबलं, आणि नेमका तिथेच काप होता. रत्नागिरीत पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पन्हळीला चार महिने पाण्याखाली ठेवायला तो पुरेसा आहे. सपाट जागी गाडी कमी का गळायची हेही इथे उलगडलं: छत मधे उंच असतं, मागच्या अर्ध्याचं पाणी मागे जायचं आणि बांधाशी कमी साचायचं. दुसऱ्या पावसाळ्यात आठ-दहा दिवस कोरडं गेलं त्याचंही उत्तर मिळालं. सिलिकॉनने सुरुवातीला काप खरोखरच झाकला. सिलिकॉन ओल्या, मातकट रंगावर धरत नाही, ते सुटलं, आणि झाकण्याचं काम गेलं तरी बांध तसाच राहिला.

त्यात वापरलेलं सिलिकॉन आंबट वासाचं होतं, म्हणजे वाळताना ॲसेटिक आम्ल सोडणारं. न्हाणीघराच्या फरशीला ते चालतं. उघड्या पत्र्यावर ते गंजाला हातभार लावतं.

गंज

छताच्या पत्र्याची कड 110 मिमी लांबीत फुगली होती. तिथे तीन स्पॉट होते, त्यांतले दोन सुटलेले. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असतं, तो दोन पत्र्यांच्या फटीत वाढतो तेव्हा पत्रे एकमेकांपासून ढकलतो. फट मुळात कागदाइतकी, इथे ती मिलिमीटरभर झाली होती. पत्रा आरपार भोकसला होता तो दोनच ठिकाणी, तांदळाच्या दाण्याएवढा. लोक भोक शोधतात. इथलं बहुतेक पाणी भोकातून येत नव्हतं, दोन पत्र्यांच्या मधून येत होतं.

खारं हवामान इथे नेमकं काय करतं तेही सांगायला हवं. समुद्राच्या मिठात साधं मीठ आणि मॅग्नेशियम क्लोराइड दोन्ही असतात. साधं मीठ हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळतं. मॅग्नेशियम क्लोराइडला 33 टक्केही पुरतात. म्हणजे किनाऱ्यावर फटीत एकदा मीठ गेलं की ती फट डिसेंबरातही पूर्ण कोरडी होत नाही. देशावर हीच गाडी हाच काप घेऊन कदाचित आणखी पाच वर्षं चालली असती.

दुरुस्ती

काम जुलैत करावं लागलं, बंद शेडमध्ये. एकूण चार दिवस, त्यातला निम्मा वेळ वाळण्याचा.

आधी सिलिकॉन. ग्राइंडर लावण्याआधी ते पूर्ण काढायचं असतं, नाहीतर चाक ते सगळ्या पत्र्यावर सारवतं आणि पुढे रंगात माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात. प्लास्टिकच्या पट्टीने खरवडलं, उरलेल्या पापुद्र्याला सिलिकॉन काढणारं द्रव्य लावलं, मग दोन फडक्यांनी पुसलं: एक ओलं, लगेच मागून एक कोरडं. एकाच फडक्याने पुसलं तर तेल इकडून तिकडे फिरतं, निघत नाही.

बॅटरीची तार सोडली. लायनिंग उजव्या बाजूने पूर्ण सोडवून खाली बांधलं, आडावरची वायर बाजूला केली, वर ओलं जाड फडकं. वेल्डिंगची ठिणगी छताच्या आडात पडली तर आतला फोम धुमसत राहतो आणि बाहेरून दिसत नाही. म्हणून एक माणूस पाण्याची बाटली घेऊन आत बसवला.

कुजलेली कड 110 मिमी लांबीत, दोन्ही बाजूंना चांगला पत्रा लागेपर्यंत, बारीक कटिंग चाकाने कापली. शिल्लक स्पॉट 8 मिमी कटरने सोडवला, वरचा पत्रा कापला जाईल इतकंच खोल. खालचा पत्रा खडबडीत झाला होता, पण जाडी शाबूत होती, टोकदार हातोडीने ठोकून बघितल्यावर कुठेच दबला नाही. 18 मिमी रुंदीत चार इंची ग्राइंडर जात नाही. अरुंद बेल्ट सँडर आणि ड्रिलला लावायचा छोटा तारेचा ब्रश, एवढ्यावर ते साफ होतं. फटीत जे दिसत नव्हतं ते जुन्या हॅकसॉच्या ब्लेडच्या तुकड्याने.

गंज काळा करणारं आम्लाचं द्रव्य इथे वापरलं नाही, आणि वापरू नये. उघड्या गेटवर ते ठीक आहे. दोन पत्र्यांच्या फटीत गेलेलं आम्ल धुऊन निघत नाही, आणि त्यावर एपॉक्सी प्रायमर नीट पकडत नाही.

नवा तुकडा 0.8 मिमी पत्र्याचा, काटकोनात दुमडलेला: 14 मिमी तळावर, 6 मिमी पन्हळीच्या आतल्या भिंतीवर. तळाच्या भागात 6 मिमीची चार भोकं. टेकणाऱ्या बाजूंना जस्ताचा वेल्ड-थ्रू (ज्याच्यावरून वेल्ड करता येतं असा) प्रायमर, भोकांच्या मधोमध मात्र तो पुसून काढला, नाहीतर वेल्ड उकळून सच्छिद्र होतो. तार 0.6 मिमीची आणि गॅस आर्गॉन-कार्बन डायॉक्साइडचा मिश्र. नुसत्या कार्बन डायॉक्साइडवर 0.8 च्या तारेने एवढ्या पातळ पत्र्यावर काम करणारे डेंटर आहेत, पण छताला ती उष्णता महाग पडते: पत्रा लाटेसारखा वाकला की मग लांबी (पुट्टी) भरणं आलं आणि संपूर्ण छत रंगवणं आलं. इथे आधी चार भोकं भरली, मग भिंतीवर एकेक बिंदूएवढा टाका, एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला, प्रत्येकानंतर हात टेकवता येईपर्यंत थांबून. बाहेरच्या छतावर पन्हळीलगत ओलं फडकं घातलेलं. टाके घासून सपाट केले.

मग वाळवणं, आणि कोकणात जुलैत हाच सगळ्यात अवघड भाग. हवा 27 अंश आणि आर्द्रता 90 टक्के असेल तर दवबिंदू 25 अंशांच्या आसपास येतो. पत्रा दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश गरम हवा, नाहीतर त्यावर न दिसणारा ओलावा बसतो आणि प्रायमर त्यावर तरंगतो. म्हणजे शेडमधला पत्रा जसा आहे तसा चालणारच नाही. हॉट एअर गनने पन्हळ 60 अंशांपर्यंत, हाताला चटका बसेल इतकी, वीस मिनिटं तापवली, फटीतून वाफ यायची थांबेपर्यंत. थोडी निवल्यावर लगेच दोन घटकांचा एपॉक्सी प्रायमर, दोन हात, मध्ये वीस मिनिटं. रात्रभर तसाच.

दुसऱ्या दिवशी सीलंट. कारखान्याचा पीव्हीसी सीलंट गॅरेजात चालत नाही, त्याला भट्टी लागते. हवेतल्या ओलाव्याने पक्कं होणारं एमएस पॉलिमर किंवा पॉलियुरेथेन घ्यावं. इथे एमएस घेतलं, कारण त्यावर रंग चांगला बसतो. नळीचं तोंड तिरकं, 8 मिमीला कापलं. धार छताच्या कडेच्या पायरीवर, एका दमात, न थांबता. जिथे थांबतो तिथे हवेचा फुगा राहतो. मग अरुंद ब्रशने दोन्ही बाजूंना दाबून पसरवली: 10 मिमी रुंद, 3 मिमी जाड.

किती लागतं याचा हिशोब बघण्यासारखा आहे. 10 गुणिले 3 गुणिले 1,700 म्हणजे एका बाजूला 51 मिली. 310 मिलीच्या एका नळीत दोन्ही बाजू होऊन निम्म्याहून जास्त उरतं. तरीही पन्हळ काठोकाठ भरायची पद्धत आहे. त्याला एका बाजूला साडेतीनशे मिलीहून जास्त लागतं, हा माल वरून आत दिवसाला साधारण 3 मिमी पक्का होतो, म्हणून तळाला चार दिवस मऊ राहतो, पट्टी बसत नाही, आणि मुख्य म्हणजे पाणी वाहायला पन्हळच उरत नाही. ओल्या हवेत वरची साय लवकर धरते, दहा-पंधरा मिनिटांतच, तेव्हा ब्रश हातात घेऊनच नळी दाबावी.

तिसऱ्या दिवशी रंग आणि लॅकर, फक्त पन्हळीत, कडेला टेप लावून. पट्टीखाली झाकलं जातं म्हणून रंग न देणारे आहेत. चौथ्या दिवशी, सगळी उष्णता आणि रंग संपल्यावर, आडाच्या छिद्रातून लांब नळीने आत मेण फवारलं. हा क्रम उलटा झाला तर मेण वेल्डिंगला पेटतं. नवीन क्लिपा, जुनीच पट्टी, आणि पट्टीची दोन्ही टोकं मोकळी.

फ्यूज बॉक्सच्या पिना साफ झाल्या, गालिचा काढून खालचा फोम दोन दिवस पंख्यापुढे ठेवला. वरून कोरडा लागणारा फोम आतून लिटरभर पाणी धरून ठेवतो, तो न काढता गाडी परत दिली की आठवड्यात वास येतो आणि दुरुस्ती फसली असं वाटतं.

डावी बाजू

दुरुस्तीनंतर डाव्या बाजूची पट्टीही काढून पाहिली. तिथेही कॅरिअरचा तसाच पाय, तसंच झिजलेलं रबर, आणि सीलंटवर 30 मिमीचा तसाच काप. ओझं तेच, घाट तोच, मीठही तेच. फरक एवढाच की त्या बाजूला गळत नसल्यामुळे कोणी सिलिकॉन भरलं नव्हतं. पायाच्या दोन्ही बाजूंनी पाणी पुढे जात होतं. गाळ चिमूटभर. कापाखाली तांबूस डाग होता, 80 नंबरच्या पॉलिश पेपरने तो पाच मिनिटांत निघाला, तीनही स्पॉट पक्के. प्रायमर, सीलंट, रंग: अर्ध्या दिवसाचं काम.

कॅरिअर परत बसवताना पायांचे आकडे बदलले, नवे रबराचे जाड जोडे घातले आणि पाय पन्हळीच्या तळावर न टेकता काठावर बसतील असे घेतले. त्यांच्याखालून बोटभर सुतळी आरपार सरकते का ते बघितलं, म्हणजे पाणीही जाईल. मालकाला आकडा लिहून दिला: मर्यादा 50, कॅरिअर 18, उरले 32. एक पाच डझनी पेटी, आणि वर फार तर एक डझनाचे दोन-तीन खोके. बाकीच्या पेट्या आत किंवा टेम्पोने.

सीलंटला पूर्ण तीन दिवस दिल्यावर गाडी पुन्हा उतारावर तोंड खाली करून, पन्हळीच्या मागच्या टोकाला नळी धरून अर्धा तास चाचणी झाली. पाणी पट्टीखालून येऊन काचेच्या कोपऱ्यावरून बोनेटवर पडत होतं. आडावर टिपकागद गुंडाळून ठेवला होता, तो कोरडा निघाला. ऑगस्टच्या अखेरीस, सहा आठवड्यांच्या पावसानंतर, खांबाचं प्लास्टिक पुन्हा काढलं तेव्हा वायरच्या टेपवर धूळ बसलेली होती.